विजापूर वेशीतला चहा आणि मौलाना

पुण्याहून संध्याकाळी सोलापूरला सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसला हे नाव कुणावरून पडलं, हे माझ्या डब्यात एकालाही सांगता आलं नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकात रिक्षा जरा थांबवायला सांगितली, तर मागच्यांनी हॉर्नचा असा काही गजर केला की हात जोडायचेही राहून गेले.

आले होते मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला. तो झाला, जेवण उत्तम होतं, हॉलमध्ये उकडून जीव गेला. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजी टॉवेल घ्यायला निघाले आणि वाटेत म्हणाले, "तुला कुर्बान हुसेनचं एवढं आहे ना, चल, आमच्या सरांकडे नेतो." हे सर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, राहायला विजापूर वेशीच्या मागच्या गल्लीत. फोन न करता आम्ही धडकलो, तरी त्यांनी "बसा की ताई" म्हणत खुर्चीवरची पुस्तकं उचलून पलंगावर टाकली. पुण्यात असं कुणाकडे गेलं तर आधी कपाळावरची आठी दिसते.

कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे, एवढं मला माहीत होतं. सर म्हणाले, त्या पिढीतल्या उर्दू पत्रकाराला समजून घ्यायचं तर आधी मौलाना आझादांचं उर्दू साप्ताहिक 'अल-हिलाल' पाहावं लागतं. आणि गाडी जी मौलाना आझादांवर गेली, ती परत हुसेनांवर आलीच नाही.

तेवढ्यात भाभींनी चहा आणला. दाट दुधाचा, वर साय, आणि साखर इतकी की चमचा उभा राहावा. सोबत खारी. पहिल्या घोटाला माझा चेहरा बदलला असणार, कारण सर एकदम हसले आणि त्यांनी पलंगावरच्या ढिगातून एक पुस्तक ओढून काढलं. पुठ्ठ्याला खाकी कागद आणि पाठीवर डिंकाची पट्टी. 'गुबार-ए-खातिर', म्हणजे आझादांनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना मित्राला लिहिलेली आणि तिथून कधीच न पाठवलेली पत्रं.

चहाचं पत्र सरांनी उर्दूत वाचलं आणि मराठीत सांगितलं. पहाटे तीन-चारला उठून हा माणूस कोठडीत स्वतः चहा करायचा. चिनी, चमेलीच्या नावाचा, बिनदुधाचा. एक घोट चहा, एक झुरका सिगारेट. आणि आपण लोक दूध-साखर घालून जे पितो, त्याला त्यांनी पातळ हलवा म्हटलंय! सरांनी आपला कप उचलून दाखवला. "हा बघा हलवा." भाभी दारातून म्हणाल्या, "तो नक्को पियो."

ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून पकडला गेलेला हा माणूस तिथे चिमण्यांच्या खोड्यांवर पानंच्या पानं लिहितो. मक्केत जन्म, शाळा नाही, सगळं शिक्षण घरी. 1912 मध्ये कलकत्त्यात 'अल-हिलाल' काढलं तेव्हा वय पंचविशीच्या आत. सरकारनं ते साप्ताहिक बंद पाडलं, मग बंगालबाहेर काढलं, रांचीला नजरकैदेत ठेवलं. 1923 मध्ये पस्तिशीत काँग्रेसचे अध्यक्ष. सोलापूर पेटलं त्याच 1930 मध्ये ते मीठ सत्याग्रहापायी मेरठच्या तुरुंगात होते. भावोजी घड्याळाकडे बघत म्हणाले, "विद्वानानं राजकारणात पडूच नये, सर. नुसतं नुकसान." सरांनी पानं उलटली आणि एक ओळ काढली. मी राजकारणाच्या धामधुमीला शोधत गेलो नव्हतो, तिनंच मला हुडकून काढलं, अशा अर्थाची.

त्यानंतरचं पत्र मात्र त्यांनी फार वाचलं नाही. आझादांच्या पत्नी बेगम झुलेखा कलकत्त्यात आजारी होत्या. आझाद घरातून निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि फक्त 'खुदा हाफिज' म्हणाल्या. पुढे आजार वाढला, तुरुंगाधिकाऱ्यानं सुचवलं की सरकारकडे काही विनंती करायची असेल तर करा. आझादांनी ती केली नाही. 9 एप्रिल 1943 ला त्या गेल्याची बातमी आली. त्या पत्रात पुढे लिहिलंय की आवारात एक जुनी कबर आहे, कुणाची कोण जाणे, आणि आता तिच्याकडे नजर गेली की वेगळंच वाटतं. सरांनी इथे चष्मा काढला आणि पुसत बसले.

मला राग आला तो इथे. नगर आपल्या महाराष्ट्रातलं. किल्ला म्हटलं की आम्हाला नेहरूंनी तिथे लिहिलेलं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' आठवतं, ते आठवावंच. पण त्याच भिंतीआड जवळजवळ तीन वर्षं हा माणूस असं गद्य लिहीत होता, हे माझ्या कुठल्याही बाईंनी वर्गात सांगितलं नाही. आमच्यासाठी आझाद म्हणजे पहिले शिक्षणमंत्री, 11 नोव्हेंबरला जयंतीचा फोटो आणि हार. फोटोला हार घालणारा त्यांचं एक पानही वाचत नाही. मला तर वाटतं, इंग्रजांनी कोंडलं नसतं तर राजकारणानं या लेखकाला कायमचं गिळलं असतं.

भावोजींना हे पटलं नाही. "शेवटी मंत्रिपद मिळालंच की!" सर शांतपणे म्हणाले, मिळालं, आणि खरगपूरची आयआयटी, विद्यापीठ अनुदान आयोग, साहित्य अकादमी हे सगळं त्याच काळात उभं राहिलं. आणि 1947 मध्ये दिल्ली सोडून निघालेल्या मुसलमानांना जामा मशिदीत "कुठे चाललात?" असं खडसावणारा माणूस नुसता मंत्री नव्हता. भावोजी म्हणाले, ते ठीक, पण लिहायचं राहिलं ना? कुराणाचा अर्थ लिहायला घेतलेला अपुराच राहिला. यावर सर गप्प बसले, आणि मीही.

टॉवेल घ्यायला पोचलो तोवर दुकान दुपारच्या जेवणासाठी बंद झालं होतं. भावोजींनी त्याचंही खापर मौलानांवर फोडलं.