हिरवी पट्टी

मुलगी नऊ वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नाही. धावताना दोनदा शुद्ध हरपली तेव्हा ईसीजीत क्यूटी, म्हणजे ठोक्याची विद्युत-लहर उठून शमायला लागणारा वेळ, लांबलेलं सापडलं आणि जन्मजात बहिरेपण आणि हृदयाचा हा दोष एकत्र आणणाऱ्या जर्व्हेल-लांगे-नील्सन या आनुवंशिक सिंड्रोमचं निदान झालं. माझ्याकडे आली ती वेगळ्याच कारणाने: सात महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ७.८ वरच अडकलेलं.

"एक दिवसही गोळी चुकवली नाही हो डॉक्टर," आई म्हणाल्या. मी मान डोलावली, पण मनातून पटलं नव्हतं. अशा वेळी पहिला संशय आपण घरच्यांवरच घेतो.

कुठे रक्तस्राव होतोय का ते पाहायला एंडोस्कोपी ठरली. अशा हृदयाला भूल देणं जोखमीचं. उलटीसाठी एरवी सहज देतो ते ऑन्डान्सेट्रॉनही क्यूटी लांबवतं, म्हणून बाजूला ठेवलं. भूलतज्ज्ञ मॉनिटरवरून नजर हलवत नव्हत्या. जठरात ना जखम, ना रक्त. घड्या मात्र जाडजूड. थोडा रस ओढून पीएचच्या पट्टीवर थेंब टाकला. उपाशीपोटी पट्टी लालभडक व्हायला हवी. ही हिरवी झाली. दुसरी घेतली, तीही हिरवीच. पीएच ७, म्हणजे आम्ल जवळपास नाहीच!

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आम्लाचा विषय निघाला की आपण जठरात आम्ल सोडणाऱ्या प्रोटॉन पंपावरच थांबतो; आम्लपित्तावरचं ओमेप्राझोल बंद पाडतं तो हाच. पण हा पंप एक हायड्रोजन आयन बाहेर टाकतो तो बाहेरचा एक पोटॅशियम आयन आत घेऊनच. तो पोटॅशियम बाहेर असायला तर हवा! आम्ल तयार करणाऱ्या पॅरायटल पेशीच्या त्याच पटलातल्या केसीएनक्यू१ या चॅनेलमधून, म्हणजे आयनांच्या वाटेतून, तो परत बाहेर जातो, म्हणून पंप चालू राहतो. हृदयाचा प्रत्येक ठोका आवरता घेणारं चॅनेल हेच, आंतरकर्णातल्या द्रवात पोटॅशियम सोडणारंही हेच. जोडीदार प्रथिन तेवढं वेगळं: हृदयात आणि कानात केसीएनई१, जठरात केसीएनई२. बिघाड केसीएनई१ मध्ये असता तर जठर वाचलं असतं. हिच्या जुन्या जनुक-अहवालात केसीएनक्यू१ च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. फाइल माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती.

गॅस्ट्रिनचा, म्हणजे जठराला आम्ल बनवायला सांगणाऱ्या संप्रेरकाचा, अहवाल आला, प्रचंड वाढलेला. आम्ल येत नाही म्हणून शरीर गॅस्ट्रिन ओतत होतं आणि त्यानेच जठराचं अस्तर जाड झालं होतं. आम्लाविना गोळीतलं लोह नीट विरघळतच नव्हतं, मग अंगी लागणार कुठून?

आईंना बसवून सगळं सांगितलं. गोळ्या तुम्ही नीटच दिल्या होत्या, म्हटलं, आणि माफी मागितली. त्या काहीच बोलल्या नाहीत. मुलीकडे वळून हातांच्या खुणांनी बराच वेळ तिला काहीतरी सांगत राहिल्या.

त्याच आठवड्यात शिरेतून लोह दिलं. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.२ होतं.