संत्र्याच्या सालीचा वास आणि छातीतली धडधड

आज रूट कॅनलचं दुसरं सिटिंग झालं. मला डेंटिस्टची लहानपणापासून भयंकर भीती, आत ड्रिलचा आवाज सुरू झाला की बाहेर बसल्या बसल्या छातीत धडधडायला लागतं, तोंडाला कोरड पडते आणि उठून सरळ घरी पळावंसं वाटतं. आज पहिल्यांदाच तसं कमी झालं. रुमालावर संत्र्याच्या तेलाचे दोन थेंब टाकून नेले होते आणि नंबर येईपर्यंत तो नाकाशी धरून बसले.

हे सुचलं ते व्हिएन्नातल्या एका अभ्यासामुळे. २००० सालचा आहे, तिथे दातांच्या दवाखान्यातच वेटिंग रूममध्ये संत्र्याचा वास सोडला होता, तर बायकांची घबराट कमी झालेली दिसली आणि मूडही बरा होता. मग २००५ मध्ये त्याच लोकांनी २०० पेशंट घेऊन संत्रं आणि लॅव्हेंडर दोन्ही तपासलं, दोन्हींचा उपयोग दिसला. वासाचं कसं आहे, बाकीच्या संवेदना मेंदूत थॅलॅमस नावाच्या भागाचा वळसा घेऊन पुढे जातात, वास मात्र जवळजवळ थेट अमिग्डलापर्यंत पोचतो, म्हणजे भीती जिथे जागी होते तिथेच.

पण मला वाटतं अर्धं काम श्वासाचं आहे. नुसतं "दीर्घ श्वास घे" म्हटलं की मला आणखीनच गुदमरायला होतं, वास घ्यायचा असला की श्वास आपोआप लांब आणि सावकाश होतो आणि लक्ष ड्रिलवरून हटतं. भीती गेली नाही, खुर्चीत बसताना हात घट्टच होते, पण डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकू येत होतं आणि माझ्यासाठी तेवढंही खूप आहे.

आणि महागडी बाटली लागतेच असं नाही हो! संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन हे सुगंधी द्रव्य असतं आणि ते सगळं सालीतच असतं. सध्या मृग बहाराची नागपुरी संत्री आलीत, ताजी साल नखाने दुमडली की बारीक फवारा उडतो, बोटं चिकट होतात आणि तो कडवट-गोड वास कितीतरी वेळ हाताला राहतो. लहानपणी आम्ही तोच फवारा मेणबत्तीवर उडवायचो, ज्योत तडतडायची.

एवढं मात्र सांगते, तेल थेट अंगाला चोळू नका, बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं तर लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजते. दमा असेल तर जपून, घरात मांजर असेल तर तेलाचा वास हवेत पसरवणारा डिफ्युझर नकोच. आणि अँक्झायटीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी वासाच्या भरवशावर त्या अजिबात बंद करू नयेत, माझ्याही चालूच आहेत.

पुढच्या आठवड्यात आईचा एमआरआय आहे, त्या मशीनमध्ये तिचा जीव घाबरा होतो. आत रुमाल नेऊ देतात का ते उद्या फोन करून विचारते, नाहीतर बाहेर थांबेपर्यंत तरी तिच्या हातात साल देईन.