डाळिंबाच्या साली आणि माझी पहिली बादली

सांगोल्याजवळ माझ्या भावाची तीन एकर डाळिंबाची बाग आहे, सगळी भगवा जातीची. दोन वर्षांपूर्वी आंबे बहाराच्या, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्याच्या वेळी चार दिवस माहेरी गेले होते. बाग कळीवर होती आणि सेटिंग, म्हणजे फुलातून फळ धरणं, चांगलं व्हावं म्हणून दादाने मधपेट्या भाड्याने आणल्या होत्या, एकराला दोन. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन पेट्यांकडे गेलो, तर पेट्यांच्या तोंडाशी फळीवर आणि खाली मातीत माश्यांचा सडा पडलेला. बऱ्याच मेल्या होत्या. काही पाठीवर पडून जागच्या जागी गरगरत होत्या. एक चिमटीत उचलून पाहिली, तिची सोंड बाहेर लोंबत होती. पेटीवाल्याला फोन लावला तर तो एवढंच म्हणाला, “सोंड बाहेर आलीय ना? मग औषधच.”

शेजारच्या बागेत आदल्या दिवशी दहाच्या सुमारास ब्लोअरने फवारणी झाली होती. दहा म्हणजे फुलांवर माश्यांची ऐन गर्दीची वेळ. फवारणी होती फुलकिड्यांसाठी. हे किडे कोवळ्या फळाची साल खरवडतात आणि फळ मोठं होईल तसा तो ओरखडा खरबरीत खपलीसारखा पसरतो. आतल्या दाण्यांची चव त्याने बिघडत नाही. पण असा माल डागी ठरतो आणि व्यापारी तो क्रेटमधून बाजूला काढतो.

“फुलं असेपर्यंत तरी थांबायला काय होतं?” मी तावातावाने विचारलं.

“अगं, पुण्यात फळ घेताना तूच उलटून-पालटून बघतेस की,” दादा म्हणाला.

मी गप्प बसले. बघतेच.

त्या चार दिवसांत बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधं आंतरप्रवाही असतात. झाड ती शोषून घेतं आणि मग ती मकरंदात, परागात उतरतात. कमी मात्रेत माशी जागेवर मरत नाही, पण पेटीकडे परतायची वाट चुकू शकते. म्हणजे मातीत पडलेल्या मोजता आल्या, परतल्याच नाहीत त्या कोण मोजणार? युरोपियन युनियनने 2018 मध्ये या निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे बाटलीवरच्या विषारीपणा दाखवणाऱ्या त्रिकोणाचा रंग प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून ठरतो, म्हणजे माणसाला धोका किती याचा तो अंदाज. माशीला किती, ते त्या रंगावरून कळत नाही.

आणि नुसतं औषधही नाही. आमच्या लहानपणी बांधावर बोर, करंज, तरवड असायचे, हिवाळ्यात करडई पिवळीधमक फुलायची. आता नजर जाईल तिथे डाळिंब, आणि बांध तणनाशकाने साफ. माशीला महिनाभर मेजवानी आणि मग उपास. फुलायच्या वेळी पेट्या भाड्याने आणाव्या लागतात त्या यामुळेच, हे माझं मत. दादाला ते अर्धंच पटतं.

पुण्याला परतले ती रागातच. आल्या आल्या बाल्कनीतल्या जास्वंदीकडे लक्ष गेलं. तिच्यावर पिठ्या ढेकूण आला होता म्हणून नर्सरीवाल्याने एक छोटी बाटली दिली होती. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. इमिडाक्लोप्रिड. गेले सहा महिने मी ते फुललेल्या झाडावर मारत होते, तेही सकाळी, चहा झाल्यावर.

बाटली बंद करून माळ्यावर टाकली. अजून तिथेच आहे, कारण ती टाकायची कुठे हे मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही.

जास्वंदीला सारखी कीड का लागते, तर मी तिला चमचा-चमचा युरिया घालत होते. त्याने पानं लुसलुशीत होतात आणि रस शोषणाऱ्या किडींचं फावतं. कुंडीतली माती तर विटेसारखी झाली होती. म्हणून खत घरी करायचं ठरवलं. पर्यावरण वगैरे फारसं डोक्यात नव्हतं, जास्वंद वाचवायची होती.

रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या घेतल्या, वीस-वीस लिटरच्या. स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून बुडाला आणि बाजूंना भोकं पाडली. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर सोसायटीच्या आवारातला वाळका पाला, विरजण म्हणून आंबट ताक आणि मूठभर शेणखत. मग रोजचा ओला कचरा घालायला लागले. उत्साह इतका की उरलेला भात, आमटीचा गाळ, सगळं त्यातच.

नवव्या दिवशी वास सुटला. साधासुधा नाही, नाकात झोंबणारा. बाराव्या दिवशी झाकण उघडलं तर आत पांढुरक्या अळ्यांची वळवळ. सासूबाईंनी दाराआडूनच सांगितलं, “एक तर ती बादली राहील, नाहीतर मी.” खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वॉचमनकरवी निरोप पाठवला तो वेगळाच.

चूक साधी होती. ओलं फार, सुकं नाममात्र. हवा खेळली नाही की कचरा कुजत नाही, सडतो. सगळं जुन्या वर्तमानपत्रावर उपसलं (हे काम नवऱ्याने केलं, नाक बांधून) आणि ओल्याच्या दुप्पट पाला आणि फाडलेले पुठ्ठे मिसळून परत भरलं. शिजवलेलं अन्न बंद. एक दिवसाआड जुन्या कालथ्याने खालवर करायचं. ओल किती हवी? मूठभर घेऊन दाबलं की बोटांतून जेमतेम एखादा थेंब यावा. धार लागली तर पाला घाला, भुगा होऊन सांडलं तर पाणी शिंपडा. चार दिवसांत वास गेला. अळ्या राहिल्या, त्यांना मी घाबरायचं सोडलं. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत आणि कचरा भराभर फस्त करतात. सासूबाईंना हे सांगून उपयोग झाला नाही. बादल्या बाल्कनीच्या पार टोकाला गेल्या, त्यावर तह झाला.

बादली चांगली तापते असं ऐकलं होतं, माझी जेमतेम कोमट व्हायची. एवढ्याशा ढिगात उष्णता टिकत नाही, म्हणून वेळ लागतो. बादली भरून पुढे तीन महिन्यांनी पहिला घाणा पिठाच्या जुन्या चाळणीने चाळला. खाली काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. आणि वर चाळणीत काय उरलं? आंब्याच्या कोयी, एक चमचा (हरवला म्हणून बाईंना विचारून झालं होतं), फळांवरचे गोल स्टिकर जसेच्या तसे, आणि डाळिंबाच्या साली. काळ्या, चामड्यासारख्या, पण आकार शाबूत. आमच्याकडे डाळिंबं उदंड येतात आणि मी साली अख्ख्याच टाकत होते. त्या पुढच्या बादलीत गेल्या.

जास्वंद एकदम टवटवीत झाली असं नाही. पिठ्या ढेकूण अजून येतो, तो मी साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने काढते. माती मात्र आता बोटाने उकरता येते. रिकाम्या कुंड्यांमध्ये तुळस आणि सब्जा लावला आणि मंजिऱ्या खुडायचं थांबवलं. सकाळी नऊनंतर त्यांवर फुलोरी माश्या येतात, अगदी लहान, पोटाला तांबूस पट्टा. पायाला पिवळ्या परागाची गोळी चिकटलेली असते.

दादा दिवाळीला आला तेव्हा त्याने बादलीत हात घालून खत चोळून पाहिलं, वास घेतला. “बरं झालंय. माझ्या तीन एकराला असल्या किती बादल्या लागतील ते सांग,” म्हणाला आणि हसला. तो स्वतः आता कळीच्या दिवसांत फवारायची वेळ आलीच, तर माश्या पेटीत परतल्यावर, अंधार पडता पडता फवारतो. शेजाऱ्याशी बोलणं झालंय. तो कधी ऐकतो, कधी नाही.

यंदा दादाने डागी मालाचा एक क्रेट पाठवलाय. दाणे गोड आहेत. साली दुसऱ्या बादलीत गेल्या, बारीक चिरून.