तुम्ही विचारलंत म्हणून: ‘शक्ती’च्या पुनर्भेटीसाठी एवढी धावपळ कशाला?

नागपुरातल्या शास्त्रीय संगीताच्या मैफिलींना नेमाने येणारी माझ्या ओळखीची मंडळी मला एक प्रश्न वरचेवर विचारतात. जानेवारी २०२३ मध्ये ‘शक्ती’ हा जाझ आणि भारतीय शास्त्रीय संगीत यांचा मेळ घालणारा बँड आपल्या पन्नाशीच्या निमित्ताने भारतात आला, आम्ही काही जण विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाऊन तो कार्यक्रम ऐकून आलो, आणि तेव्हापासून तर हा प्रश्न हमखास येतो. वादक सत्तरी-ऐंशीला पोचलेले, वाजवणार आपले जुनेच, आणि त्या सगळ्या ध्वनिमुद्रिका तुमच्या कपाटात असताना एवढा प्रवास करण्यासारखे आणि महिनाभर आधीपासून हरखून जाण्यासारखे त्यात काय आहे, असे ते विचारतात. समोरासमोर या प्रश्नाचे उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून ते इथे सविस्तर देतो.

विचारणारे स्वतः यमन शेकडो वेळा ऐकलेले असतात. पुन्हा यमन मांडला जाणार म्हणून सिव्हिल लाइन्सच्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात ते वेळेआधी जाऊन जागा धरतात, कारण राग तोच असला तरी त्या संध्याकाळची उपज, म्हणजे गाताना आयत्या वेळी सुचलेले, पूर्वी कोणी ऐकलेली नसते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. जाझ फ्यूजन म्हणजे जाझचा दुसऱ्या संगीताशी घातलेला मेळ, आणि त्याची रचना याहून फार निराळी नाही. सुरुवातीला ठरलेली धून असते, तिची वळणे आणि थांबे बांधलेले असतात, आणि त्यानंतरचा बहुतेक भाग वादक त्या क्षणी एकमेकांचे ऐकून उभा करतात. तेव्हा अशा बँडच्या पुनर्भेटीत रचनेची नावे जुनी असतात, एवढेच. शिवाय बंदिश दुसऱ्या गायकानेही गावी, पण इथे ती अमुक चौघांच्या किंवा पाचांच्या परस्परसंबंधांवर उभी असते आणि त्यांतला एक जरी बदलला तरी संभाषणाचा विषयच बदलतो. चाहत्यांचा सारा जीव त्या संभाषणात गुंतलेला असतो.

‘शक्ती’ची गोष्ट थोडक्यात सांगणे भाग आहे. इंग्लंडचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन १९६९ मध्ये अमेरिकन जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ज्या ध्वनिमुद्रणांत होते, त्यांतूनच जाझ आणि विद्युत वाद्ये यांचा नवा मेळ पुढे आला. त्यानंतर त्यांनी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला, जो अतिशय जोरकस आणि कानठळ्या बसवणारा होता. त्याच सुमारास ते अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होते. तिथल्या सहवासातून व्हायोलिनवादक एल. शंकर आले, कॅलिफोर्नियातून तबल्यावर झाकीर हुसेन आले, घटमावर, म्हणजे मातीच्या घड्यासारख्या तालवाद्यावर, टी. एच. विनायकराम म्हणजे सगळ्यांचे विक्कूजी आले, आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मृदंगावर रामनाड राघवन होते. हिंदुस्थानी तबला आणि कर्नाटकी घटम एका मंचावर, आणि त्यांच्या मधोमध एक इंग्रज गिटार घेऊन मांडी घालून बसलेला, हे दृश्यच त्या काळी नवे होते.

ती गिटारही साधी नव्हती. मॅक्लॉफ्लिन यांनी ती गिब्सनकडून मुद्दाम घडवून घेतली होती. नेहमीच्या सहा तारांच्या खाली, मधल्या गोल छिद्रावरून तिरप्या जाणाऱ्या तरफांच्या तारा बसवल्या होत्या, ज्या सतारीच्या तरफांप्रमाणे स्वरांना आपोआप गुंजारव देत. आणि दोन पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरलेले होते, म्हणजे तार बोटाखाली हवी तेवढी खेचता यावी आणि गिटारीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, निघावी. आपल्या वाद्यालाच दुसऱ्या संगीताच्या दिशेने इतके वाकवणारा पाश्चात्त्य वादक मला तरी दुसरा माहीत नाही. आजकाल ‘फ्यूजन’ या नावाखाली तबल्याच्या शेजारी कीबोर्ड ठेवला की काम झाले असे मानणारे कार्यक्रम आपल्या शहरातही भरपूर होतात. त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही, आणि त्याचे कारण ही गिटार आहे.

१९७५ ते १९७७ या काळात तीन ध्वनिमुद्रिका झाल्या आणि सत्तरीचे दशक सरण्याआधी बँड थांबला. पुढे १९९७ मध्ये ‘रिमेम्बर शक्ती’ या नावाने तो पुन्हा उभा राहिला. त्यात आधी हरिप्रसाद चौरसिया होते, नंतर मँडोलिनवर यू. श्रीनिवास आले, खंजिऱ्यावर, म्हणजे डफासारख्या छोट्या कर्नाटकी तालवाद्यावर, विक्कूजींचे चिरंजीव सेल्वागणेश आले आणि शंकर महादेवन यांचा आवाज आला. २०१४ मध्ये श्रीनिवास गेले, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर हा बँड परत दिसेल अशी आशा निदान आमच्यापैकी कोणी बाळगली नव्हती. मॅक्लॉफ्लिन यांनी तर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी निरोपाचा दौराही केला होता.

त्यामुळे २०२३ चा दौरा जाहीर झाला तेव्हा आमच्या धंतोली-धरमपेठेतल्या गोतावळ्यात काय खळबळ उडाली असेल याची कल्पना करा. आमच्यातले निम्मे जण या संगीताकडे जाझच्या वाटेने आलेलेच नाहीत. ते तबला शिकलेले, तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याचा, हिशेब बोटांवर करणारे लोक आहेत. सीताबर्डीवरून आणलेल्या कॅसेटवर केवळ झाकीरभाईंचे नाव वाचून त्यांनी ‘शक्ती’ पहिल्यांदा ऐकली आणि मग गिटारने त्यांना धरून ठेवले. उरलेले निम्मे गिटारच्या बाजूचे. या दोन्ही गटांत रात्री बारापर्यंत फोनवर वाद चालत. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतली द्रुत रचना ‘जॉय’ वाजवतील का, की वयामुळे ती लय आता टाळतील? एल. शंकर नाहीत, तर याला ‘शक्ती’ म्हणायचे का? श्रीनिवास यांची जागा कोणी घ्यावी, की ती रिकामी ठेवलेलीच बरी? ज्याला कोणाला हा उत्साह पोरकट वाटतो त्याने हे वाद एकदा ऐकावेत. त्यांत आठवणींचे उमाळे फार थोडे असतात. बहुतेक चर्चा लयीची, स्वरांची आणि कोण कोणाला कसे प्रतिसाद देईल याची असते.

एल. शंकर यांच्याबद्दलचा आक्षेप मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. १९७५ च्या ध्वनिमुद्रिकेत ‘जॉय’च्या आरंभी गिटार आणि व्हायोलिन ज्या तऱ्हेने एकाच श्वासात पळत सुटतात, तशी जोडी पुन्हा जमणे नाही. परंतु नव्या संचात व्हायोलिनवर गणेश राजगोपालन होते, गणेश-कुमारेश या बंधूंच्या जोडीतले थोरले, आणि त्यांनी शंकर यांची नक्कल करण्याच्या फंदात न पडता आपले कर्नाटकी व्हायोलिन जसेच्या तसे आणले. मँडोलिन कोणाच्याच हाती दिले नाही. श्रीनिवास यांच्या स्मरणार्थ केलेली एक रचना मात्र नव्या ध्वनिमुद्रिकेच्या अगदी आरंभी ठेवली. मला हा निर्णय फार योग्य वाटला.

पुनर्भेटीचे सगळेच दौरे चांगले असतात असे मी म्हणत नाही. रॉक बँडचे पुष्कळसे दौरे ध्वनिमुद्रिकेतले जसेच्या तसे मंचावर उतरवण्यात धन्यता मानतात, आणि तिथे तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. फ्यूजनमध्येही अवघड प्रसंग येतात. अमेरिकन पियानोवादक चिक कोरिया यांच्या ‘रिटर्न टू फॉरएव्हर’ या फ्यूजन बँडचे उदाहरण घ्या. कोरिया, स्टॅन्ली क्लार्क, लेनी व्हाइट आणि अल डी मिओला या चौघांनी १९७६ मध्ये ‘रोमँटिक वॉरियर’ ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यातल्या रचना इतक्या बारकाईने लिहिलेल्या होत्या की त्यांत मोकळी जागा कितीशी उरली असेल अशी शंका यावी. त्यानंतर चौघांची फाटाफूट झाली. मध्ये १९८३ मध्ये ते थोडा काळ एकत्र आले आणि मग थेट २००८ मध्ये दौऱ्यावर निघाले. तो दौरा आमच्या वाट्याला ध्वनिमुद्रणांतूनच आला, पण त्या लिहिलेल्या चौकटीही या चौघांनी कशा सैल केल्या, एकेका वादकाला किती ऐसपैस जागा दिली, हे ऐकून आम्ही दिवसेंदिवस त्यावरच बोलत होतो. २०११ मध्ये याच नावाने दुसरा संच निघाला. डी मिओला यांच्या जागी फ्रँक गँबाले आले आणि व्हायोलिनवर जाँ-लुक पाँटी. दोघेही थोर वादक, तरीही मला तो दौरा २००८ सारखा भिडला नाही. नाव तेच राहिले आणि माणसे बदलली की काय होते, ते मला तिथे कळले. कोरिया फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले, आणि त्या चौघांचा प्रश्न तिथेच मिटला.

आता ‘कपाटात ध्वनिमुद्रिका आहेतच’ या मुद्द्याकडे येतो, कारण ‘शक्ती’च्या बाबतीत त्याचे उत्तर फारच ठोस आहे. पन्नाशीच्या निमित्ताने त्यांनी ‘धिस मोमेंट’ ही नवी ध्वनिमुद्रिका केली. तिला पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाले. पण ती तयार झाली ती महासाथीच्या काळात. पाचही जण जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत होते आणि प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी आपला भाग ध्वनिमुद्रित करून दुसऱ्याकडे पाठवला. ध्वनिमुद्रिका सुंदरच आहे. तरीसुद्धा जे संगीत एकमेकांच्या डोळ्यांत बघून वाजवायचे, ते तिथे एकमेकांना न बघता वाजवलेले आहे. त्या रचनांची खरी भेट मंचावर व्हायची होती, आणि ती आम्हांला हुकवायची नव्हती.

मुंबईत मी जे मुद्दाम टिपायला गेलो होतो ते सांगतो. मॅक्लॉफ्लिन यांना त्याच महिन्यात ८१ वर्षे पूर्ण झाली होती. हातात आता ती तरफांची गिटार नव्हती, विद्युत गिटार होती, आणि स्वर पूर्वीपेक्षा गोलाकार झाला होता. द्रुत तानांची ओढ कमी झाली नव्हती, पण दोन तानांमधल्या जागा वाढल्या होत्या, आणि त्या जागांत तबला काय म्हणतो आहे हे ते ऐकत होते. खंजिरा आणि तबला यांचा सवाल-जवाब सुरू झाला तेव्हा माझ्या डाव्या-उजव्या बाजूची माणसे मांडीवर ताल धरून होती, काही जण कर्नाटकी पद्धतीने बोटे मोजत, काही आपल्या पद्धतीने टाळी-खाली दाखवत. वाक्ये आधी लांब असतात, मग निम्मी होतात, मग त्याच्याही निम्मी, आणि शेवटी कोणाचे वाक्य कुठे संपले हे कळेनासे होऊन दोघे एकत्र समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतात. हिशेब आधीच ठाऊक असतो. तरीही सम येताना अंगावर काटा येतो, कारण समेच्या अलीकडच्या चार मात्रांत काय होणार हे त्या दोघांनाही आधी ठाऊक नसते. एवढ्या मोठ्या, उघड्यावरच्या जागेत घटम-खंजिऱ्याचे बारीक बोल नीट पोचत नाहीत, ही माझी तक्रार मात्र कायम आहे. हे संगीत हजार-बाराशे आसनांच्या सभागृहात व्हायला हवे.

१५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाकीर हुसेन गेले. त्या आठवड्यात आमच्यापैकी अनेकांना फोन आले, आणि त्यांतले काही पूर्वी हाच प्रश्न विचारणाऱ्यांचेच होते. त्या वेळी त्यांनी विचारले ते एवढेच, की आता कुठून ऐकायला सुरुवात करावी.

माझे सांगणे असे की १९७५ मध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून सुरुवात करा. तिच्यात तीनच रचना आहेत. ‘जॉय’ पहिल्यांदा ऐकताना गिटारकडे लक्ष देऊ नका, फक्त घटम ऐका. मग ‘लोटस फीट’ ही छोटी, शांत रचना ऐका आणि तिची धून मनात बसू द्या. त्यानंतर डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या कार्यक्रमाची ‘सॅटरडे नाइट इन बॉम्बे’ लावा. श्रीनिवास यांचे मँडोलिन त्यात भरात आहे. ‘धिस मोमेंट’ सगळ्यांत शेवटी. तबला येणाऱ्याने पहिल्या ऐकण्यातच हिशेब करायला बसू नये, दुसऱ्यांदा जरूर करावा. ‘जॉय’मध्ये अठरा मिनिटांत झाकीरभाई ठेका कुठे सोडतात आणि कुठे पुन्हा धरतात ते शोधून काढा, आणि सापडले की मला कळवा, माझी यादी मी तुमच्या यादीशी ताडून पाहीन.