राणीच्या नावाचा पिझ्झा

मी पिझ्झा करायला शिकवते. पीठ मळून फुगायला ठेवलं, की वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, तो राणीचा किस्सा खरा आहे का हो?" म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

किस्सा असा, की 1889 साली इटलीची राणी मार्गेरिता दक्षिणेतल्या नेपल्स शहरात आली. राफाएले एस्पोसितो नावाच्या पिझ्झावाल्याने तिच्यासाठी तीन प्रकारचे पिझ्झे केले. त्यातला टोमॅटो, मोझरेला चीज आणि बेसिलच्या पानांचा, म्हणजे इटलीच्या झेंड्याच्या लाल, पांढऱ्या, हिरव्या रंगांचा, तिला फार आवडला आणि तिचंच नाव त्याला मिळालं. राजवाड्यातून आलेलं म्हणून एक पत्रही नेपल्समध्ये जपून ठेवलंय. पण त्यात लिहिलंय ते इतकंच, की तिन्ही प्रकार उत्तम झाले होते. झेंड्याचा उल्लेख नाही, नावाचाही नाही. ते पत्र अस्सल आहे का, याचीच काही अभ्यासकांना शंका आहे. शिवाय मोझरेला, बेसिल, टोमॅटो पिझ्झ्यावर घालतात, हे 1866 सालीच छापून आलं होतं.

मला राणीबद्दल आकस नाही. पण तिच्या नावाखाली खरे धनी झाकले जातात, ते मला सोसत नाही. पिझ्झा हे नेपल्सच्या हातावर पोट असणाऱ्यांचं खाणं. एका खोलीत अख्खं कुटुंब, धड स्वयंपाकघर नाही. गल्लीतून पोरगा डोक्यावर पत्र्याचा गोल डबा घेऊन यायचा, आत गरम पिझ्झे. हातात जितके पैसे असतील तितका तुकडा कापून मिळायचा. तो दुमडायचा आणि चालता चालता खायचा. फ्रेंच लेखक अलेक्झांडर द्युमा यांनी तर लिहून ठेवलंय, की मासळी कमी आली की मासळीचा पिझ्झा महागतो, तेलाचं पीक बुडालं की तेलाचा. पिझ्झ्याच्या भावावरून बाजार कळायचा!

आणि हे खाणं नेपल्सबाहेर कुणाला नको होतं. इटालियन लेखिका मातिल्दे सेराओ यांनी 1884 मध्ये नोंदवलंय, की एकाने रोममध्ये पिझ्झ्याचं दुकान काढलं. सुरुवातीला नवलाईने गर्दी झाली, मग गिऱ्हाईक आटत गेलं. पिझ्झा जगभर गेला तो पोटासाठी अमेरिकेला गेलेल्या माणसांबरोबर. न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत त्यांनी भट्ट्या पेटवल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर तो साऱ्या अमेरिकेत पसरला, मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि 1996 मध्ये त्या भारतातही आल्या. इटलीच्या उत्तरेत सगळीकडे तो रुळला तोही बराचसा युद्धानंतरच.

2017 साली युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झ्याची नोंद मानवजातीच्या वारशात घेतली. नोंद पदार्थाची नाही, तो करणाऱ्यांच्या कसबाची आहे: पीठ मळणं, ते हवेत फिरवून पसरवणं, लाकडाच्या भट्टीत भाजणं. ती बातमी वाचून मला फार आनंद झाला होता.