रापण वरून टिपताना

कोकणातले बरेचसे ड्रोन व्हिडिओ बघताना मला समुद्र कमी आणि ड्रोनच जास्त दिसतो. सुसाट पुढे, गर्रकन वळून वर, लगेच माडांच्या शेंड्यांवरून खाली. नजर कुठे टेकतच नाही. ड्रोन जितका संथ उडेल तितकी किनारपट्टी जास्त दिसते, असं माझं ठाम मत आहे.

मालवणच्या उत्तरेला तोंडवळी-तळाशीलचा पट्टा आहे. एका अंगाला कालावलची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी वस्ती. इथे एकच चाल पुरते: खाडीवरून निघायचं, माडांवरून सरळ रेषेत समुद्राकडे जायचं. मध्येच वळायचा मोह आवरायचा. एका शॉटमध्ये एकच हालचाल.

त्यासाठी मी ड्रोन संथ चालवणाऱ्या सिने मोडवर उडवतो आणि कॅमेरा वर-खाली होण्याचा वेगही सेटिंगमध्ये जाऊन कमी करतो. रिमोटची स्टिक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरली की ताबा चांगला राहतो. शॉट संपताना ती एकदम सोडायची नाही, हळूहळू सैल करायची. नाहीतर ड्रोन ब्रेक मारतो आणि तो हिसका चित्रात उतरतो. सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करताना शटर १/५० सेकंदाच्या आसपास हवं. कोकणातल्या उन्हात ते एनडी फिल्टरशिवाय (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणाऱ्या काचेशिवाय) जमत नाही आणि शटर फार वेगवान ठेवलं तर माडांच्या झावळ्या तडतडल्यासारख्या दिसतात. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक करा, कारण लाटांचा पांढरा फेस फ्रेममध्ये आला की ऑटोवर अख्खं चित्र काळवंडतं.

वेळ सकाळची. दुपारी खारे वारे जोरात असतात. पहाटेचा मतलई वारा सौम्य असला तरी तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे जाताना सोपं आणि परतताना वाऱ्याविरुद्ध. बॅटरीचा हिशेब परतीचा धरायचा.

आता रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ काढून किनाऱ्याला परत येते, मग दोन्ही टोकांचे दोर माणसांच्या दोन रांगा ओढत राहतात. ओढता ओढता रांगा एकमेकींकडे सरकतात आणि पाण्यातली कमान आवळत जाते. रापणकरांना आधी विचारून, उडवायला परवानगी असलेल्या जागी, ड्रोन थोडा बाजूला ठेवून हे टिपावं. कॅमेरा जवळजवळ सरळ खाली आणि ड्रोन जागच्या जागी. दोर ताणला जातो, सैल पडतो, पुन्हा ताणला जातो. मागचा माणूस दोर सोडून पुढे येतो आणि पाण्याजवळ पुन्हा धरतो. यात ड्रोनने हलायची काहीच गरज नाही. जाळं जवळ आलं की घारी जमतात. त्या यायच्या आत ड्रोन उतरवून घ्यावा.

एडिटिंगला बसताना मी आधी सगळं मोठ्या स्क्रीनवर बघतो. वळतानाचं, उंची बदलतानाचं, जागा शोधतानाचं फुटेज पहिल्याच फेरीत जातं. एकच दृश्य दोन उंचींवरून असेल तर एकच ठेवायचं, दुसरं कितीही आवडलं तरी. दीड मिनिटाच्या व्हिडिओत ड्रोनचे तीन-चार शॉट भरपूर झाले. बाकी जमिनीवरून घेतलेलं असावं: दोरावरचे हात, वाळूत रुतलेल्या टाचा, टोपलीत पडणारे बांगडे.

हललेलं फुटेज नंतर सॉफ्टवेअरने स्थिर (स्टॅबिलाइज) करू, या भरवशावर समुद्रावर उडवू नका. सॉफ्टवेअरला स्थिर खुणा लागतात आणि लाटांमध्ये त्या सापडत नाहीत. चित्र जेलीसारखं डुलतं. फुटेजचा वेग वाढवतानाही जपून. ढग दुप्पट वेगाने खपून जातात, लाटा नाही. लाट किती वेळात फुटते हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेलं असतं.

रंगांच्या बाबतीत माझा आग्रह आहे: आपलं पाणी मालदीवसारखं निळंशार करू नका. खाडीच्या मुखाशी ते गढूळ हिरवट असतं आणि तसंच सुंदर दिसतं.

आवाज तर खालूनच घ्यावा लागतो. मोबाइल दोराजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे द्या, रापणकरांच्या हाका आणि लाटा रेकॉर्ड करा आणि तोच आवाज वरून घेतलेल्या शॉटखाली लावा. पार्श्वसंगीत शोधत बसायची वेळच येत नाही.