केळीचं खोड, बँक आणि ४५ दिवस

आमच्या रावेर तालुक्यात केळीचा घड कापला की खोडाला कुणी विचारत नाही. उलट ते शेताबाहेर काढायला मजूर लावावे लागतात. म्हणून "खोडं मी नेते" म्हटल्यावर शेतकरी खूश, आणि मीही. कच्चा माल फुकट! पण खोड फुकट असलं तरी ट्रॅक्टर फुकट नसतो, आणि एवढ्या पाणीदार खोडातून सुका धागा निघतो जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम. हे मला धागा काढायचं मशीन घ्यायला निघाल्यावर कळलं.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात १० लाखांचा प्रकल्प टाकला. खेड्यातल्या बाईला ३५ टक्के अनुदान, पदरचे फक्त ५ टक्के. जिल्हा उद्योग केंद्रातून अर्ज बँकेत गेला आणि तिथे रुतला. साहेबांचा पहिला प्रश्न, "मॅडम, मिस्टर काय करतात?" दुसरा, सातबारा कुणाच्या नावावर? तो नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर. अशा उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा तेव्हाचा नियम मी छापून नेला होता. साहेबांनी तो वाचला, चहा पाजला, आणि महिन्याभराने अर्ज परत आला. शेरा: व्यवसाय किफायतशीर वाटत नाही.

दोन दिवस चिडचिड केली. मग माझाच प्रकल्प अहवाल पहिल्यांदा नीट वाचला. एका ओळखीच्यांनी करून दिलेला. त्यात वर्षाचे ३०० दिवस मशीन चालत होतं. भर पावसात धागा वाळवणार कुठे? साहेबांनी मिस्टरांची चौकशी केली ते चुकलंच, पण आकड्यांवर विश्वास ठेवला नाही त्यात त्यांची चूक नव्हती.

नवा अहवाल मी स्वतः लिहिला. २०० दिवस, दोनाऐवजी एक मशीन, चटया विणणाऱ्या दोघांची खरेदीपत्रं जोडलेली. प्रकल्प ७ लाखांवर आला, नफा निम्म्यावर, आणि कर्ज मंजूर झालं. एक गोष्ट मात्र आधी कुणी सांगितली नव्हती: अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं. तोवर हप्ता आपल्या कमाईतूनच फेडायचा.

काम सुरू झालं. केळीचा चीक कपड्याला लागला की काही केल्या जात नाही, म्हणून आम्ही पाचही जणी जुन्या साड्यांचे एप्रन बांधतो. ते ध्यान बघायला गल्लीतली पोरं जमायची.

खरी फजिती धंदा वाढल्यावर झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरातल्या एका कंपनीने मोठी ऑर्डर दिली आणि मी हुरळून जवळजवळ सगळा धागा तिलाच दिला. पैसे? "पुढच्या आठवड्यात, ताई." बायांची मजुरी मात्र दर शनिवारी, बाजाराच्या आधी द्यायची. बचत गटातून महिना २ टक्क्यांनी उचल घेतली. हे म्हणाले, मी बोलतो त्यांच्याशी. मी म्हटलं, नको.

माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, होती. ती फुकट होते, आणि तिचा उपयोग मला तेव्हा कळला. माझ्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५. त्या आर्थिक वर्षापासून आयकराचाही नियम आला होता: मुदत टळून गेलेलं बिल ३१ मार्चपर्यंत चुकवलं नाही, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षात दाखवता येत नाही, म्हणजे कर जास्त बसतो. उद्यम क्रमांक टाकून हे सगळं एका पत्रात लिहिलं. मार्चमध्ये त्यांच्या अकाउंटंटचा स्वतःहून फोन आला. पैसे आले, उशिराचं व्याज नाही आलं. तेवढं मी सोडून दिलं.

आता कुठल्याही एका गिऱ्हाइकाला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त माल देत नाही. मशीनखाली उरणारा चोथा आम्ही वाया घालवायचो. आता त्याचं गांडूळखत करतो आणि ज्यांची खोडं आणतो त्यांनाच विकतो, रोख. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने खोडाच्या पाण्यापासून द्रवखत तयार केलंय, ते शिकायला जायचं आहे.

त्या कंपनीची पुन्हा ऑर्डर आलीय, पहिलीच्या दुप्पट. मी निम्मी रक्कम आगाऊ मागितली. अजून उत्तर नाही. मशीन चटईवाल्यांच्या मालावर चालू आहे.